एका खोक्यातल्या बारा सायकली

३ जानेवारी, मंगळवार

नवी वही उघडली की आधी सगळ्यांची तब्येत विचारायची, ही माझी जुनी पद्धत. तेव्हा क्रमानं घेतो. हिचा उजवा गुडघा कसा आहे? काल जिना दोनदा चढली आणि दोन्ही वेळा मला ऐकवलं, म्हणजे बरा आहे. चिरंजीवांचा खोकला? गेला, पण आवाज अजून गंजलेल्या बेलसारखा येतो. सूनबाईची मान? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आखडते. ती म्हणते ठीक आहे, म्हणजे ठीक नाही. माझं म्हणाल तर डोळे, दात आणि पोट यांतलं पोट उत्तम.

आता मागच्या खोलीतली मंडळी. सात सायकली, सातही उभ्या. त्यातल्या सहांना हवा भरायला झाली आहे. सातवी आमची बगळी, काळी लेडीज, पुढच्या बिल्ल्यावर पितळी बगळा. ती ठणठणीत. तिला रोज सकाळी फडकं लागतंच.

आज टेलर आला होता. आठ वर्षांनी. मी आधी ओळखलंच नाही. शाळेच्या पटांगणात जुन्या सायकलींचं प्रदर्शन लागलं होतं, तेव्हा हा आपल्या आईला घेऊन आला होता. आई बाळंतपणं करणाऱ्या नर्स, आयुष्यभर सायकलवरून फिरलेल्या. त्यांनी बगळीच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही माझी." लोक जमले. मी जुन्या सायकलींवरचं माझं थोरलं पुस्तक आणलं. बाईंना सायकल मिळाली चोपन्न साली, एकाहत्तर साली बदली झाली तेव्हा घरच्यांनी ती विकली. बगळीच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवर, आकडा ठोकलेला आहे अठ्ठावन्न. पुस्तक, पान दोनशे बारा: हबवरचा आकडा म्हणजे सायकलीचं साल. शिवाय टेलर म्हणाला होता की आईच्या सायकलीला पुढे कंदील अडकवायचं हूक होतं. बगळीला हूक नाही. मी सगळं समजावून सांगितलं. बाईंनी सीटवरचा हात काढून घेतला.

आज तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "काका, आई ब्याण्णवाव्या वर्षात आहे. डोळ्यांनी दिसत नाही म्हटलं तरी चालेल. हल्ली सारखं तेच काढते. म्हणून म्हटलं, पुन्हा एकदा विचारून बघावं. ती सायकल नक्की आईची नाही ना?"

मी पुन्हा पुस्तक उघडून दाखवलं. "बरोबर आहे," म्हणाला, आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही. ही गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेली होती, नाहीतर तिनं त्याला असा जाऊ दिला नसता.

सूनबाई आतून ऐकत होती. "बाबा, ते पुस्तक तीस वर्षांपूर्वीचं. आता जगभरचे सायकलवाले फोनवर एकमेकांना विचारतात."

मी म्हटलं, हे पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंय. एक्क्याण्णव साली आणलं तेव्हा त्या परक्या भाषेतलं मला फक्त 'मडगार्ड' कळत होतं. चारशे बारा पानं, प्रत्येक शब्दावर पेन्सिलनं अर्थ. माणूस एवढं सांभाळत नाही बायकोचं बोलणं.

तरी ती म्हणाली, विचारून तर बघू.

५ जानेवारी, गुरुवार

सूनबाईनं मला जुन्या सायकलींच्या गटात घातलं. काय सांगू. माझ्या सात सायकलींचा मला अभिमान होता. तिथं एका गृहस्थाकडं फक्त सीटच्या स्प्रिंगा आहेत, भिंतभर. एक बाई निव्वळ बेलांचे आवाज जमवते. एकेक बेल वाजवून दाखवते आणि साल सांगते. कोणी बर्फात राहतो, कोणी वाळवंटात, आणि सगळे चेनगार्डवरून भांडतात. मी दुपारचा बसलो तो दिवे लागेपर्यंत उठलो नाही. विहिरीतल्या बेडकाला कोणीतरी समुद्राच्या काठावर आणून बसवलं, तसं झालं.

बगळीचा फोटो टाकला. पुस्तकाचं पान दोनशे बाराही टाकलं. तासाभरात उत्तर आलं. फोन ते आपल्या भाषेत करून देतो, पण कसं देतो पाहा: "आदरणीय महोदय, आपल्या मागच्या केंद्रस्थानाचे छायाचित्र पाठवा. ते मूळचेच आहे काय?"

हबला त्यानं केंद्रस्थान केलं. हिला वाचून दाखवलं आणि चूक केली. आता दिवसभर चाललंय. "अहो, बसा की जरा, केंद्रस्थान दमलं असेल."

गंमत सोडा, पण प्रश्न मला झोंबला. मूळचं आहे काय म्हणजे? चाळीस वर्षं दुकान चालवलं मी. पंक्चर काढणारा नव्हतो नुसता. दुसऱ्यानं लिहिलं, हबवर जाऊ नका, सीटखालच्या जोडावर फ्रेमचा नंबर असतो, तो द्या.

नंबर रंगाखाली आहे. मीच दिलेला रंग, तीन हात. खरवडावा लागेल. उद्या बघू.

९ जानेवारी, सोमवार

आभाळ भरलेलं. फोटोला उजेड नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

ऊन होतं, पण पॉलिश पेपर सापडला नाही. बगळीची चेन रॉकेलनं धुतली, स्पोक एकेक करून पुसले. पुसता पुसता वाटलं, हिच्याइतकी निर्मळ सायकल त्या अख्ख्या गटात नसेल. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी असेल अगदी तशी केली आहे मी.

संध्याकाळी ही म्हणाली, "पॉलिश पेपर टेबलाच्या खणात आहे. कायम तिथंच असतो." मी म्हटलं, असू दे.

१७ जानेवारी, मंगळवार

शेवटी खरवडला. सूनबाई फोन घेऊन पाठीशी उभी राहिली, मग करतो काय. पहिला हात निघाला, दुसरा निघाला, तिसऱ्याखाली कारखान्याचा मूळ काळा रंग, आणि त्यात ठोकलेले पाच आकडे. ४१७०८. इतकी वर्षं मी हिला जेवणाच्या ताटासारखी घासली आणि हिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

गटात नंबर टाकला. बर्फातल्या गृहस्थानं लिहिलं की बगळा कारखाना केव्हाच बंद पडला, पण त्याच्या नोंदवह्या एका बाईंकडं आहेत, त्यांना विचारतो. म्हटलं, होईल उत्तर यायला महिना.

१९ जानेवारी, गुरुवार

घाईघाईत लिहितोय. अक्षर वाईट येतंय, चालेल.

पान आलं. छापलेलं नाही, कोणी टाइप केलेलंही नाही. खुद्द कारखान्याच्या नोंदवहीचं पान, जसंच्या तसं. निळी शाई, मध्येच टाक बुडवल्यावर गडद होणारी. एका कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ. त्या कारकुनाचा सात पाहा, त्याच्या पोटात आडवी रेघ. फोटो मोठा केला तर कागदाचे तंतू दिसतात. सत्तर वर्षांपूर्वी एका माणसानं समुद्रापलीकडच्या टेबलावर मान खाली घालून लिहिलं, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या शाईचा डाग बघतोय.

सूनबाईनं वाचून दाखवलं. ४१७०१ ते ४१७१२. बारा नग, लेडीज, काळा, तीन गिअर. एका खोक्यात. रवाना ११ मार्च १९५४. कोणासाठी, या रकान्यात लिहिलंय: आरोग्य खातं, नर्सेस.

पान पाठवणाऱ्या बाई एका ग्रंथालयात होत्या, निवृत्त आहेत. कारखाना मोडला तेव्हा नोंदवह्या उकिरड्यावर निघाल्या होत्या. यांनी त्या घरी नेल्या आणि सहा वर्षं रोज सकाळी थोडी थोडी पानं फोटो काढून चढवतायत. कोणी सांगितलं नाही, कोणी मानधन देत नाही. मी विचारलं, कशासाठी? त्यांनी लिहिलं, "कोणीतरी कधीतरी विचारेल म्हणून."

मी स्वयंपाकघरातच पायांतल्या सपाता काढून ठेवल्या. देवळात गेल्यावर काढतो, तसं.

जेवण गेलं नाही. बारा नर्सेस, चोपन्न साल. पण मग हबवरचा अठ्ठावन्न? कारकुनाचा हात चुकला असेल. माणूसच तो. पुस्तक चार जणांनी तपासून छापलेलं असतं.

२२ जानेवारी, रविवार

सकाळी सूनबाई थोरलं पुस्तक घेऊन बसली. म्हणाली, "बाबा, पान दोनशे बाराच्या तळाशी हे बारीक अक्षरात काय आहे? इथं तुम्ही पेन्सिल लावलेली नाही."

मी चष्मा बदलून पाहिलं. मुंगीएवढं अक्षर. तळटीप. त्या काळी मी तळटिपा सोडून द्यायचो. वाटायचं, महत्त्वाचं असतं तर मोठं छापलं असतं. तिनं वाचलं: हबवरचं साल हे हबचं साल. हब बदललेला नाही याची खात्री असेल तरच ते सायकलीचं समजावं. दुरुस्ती करणारे हब सर्रास बदलतात.

पुस्तकानं सांगितलं होतं. तीस वर्षांपासून सांगत होतं, फक्त हळू आवाजात.

मी म्हटलं, असेल, पण बगळी एकोणऐंशी साली भंगारवाल्याकडून घेतल्यापासून माझ्याकडं आहे, हब बदलला असता तर मला आठवलं असतं. ही शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच तर बदललात. मला सायकल शिकवायची होती तेव्हा. मागचं चाक करकरायचं."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"आणि ते पुढचं हूक," ती म्हणाली. "त्यात माझा कपडा अडकून टर्रकन फाटला. मग तुम्ही रागानं करवत घेतलीत."

"हे तू आठ वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं? प्रदर्शनात तुम्ही गेला होतात पुस्तक घेऊन. मी घरी होते. आताही तुम्ही पुस्तक चाळलंत, मग अख्ख्या जगाला विचारलंत. घरातलं माणूस काय, काखेतला कळसा."

सूनबाई हसली नाही, त्यावरून कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

माळ्यावरून दुकानाच्या वह्या काढल्या. कोणत्या सायकलीचं काय काम केलं ते मी रोज लिहायचो. एकतीस वह्या. त्र्याऐंशीची वही, पावसाळ्यानंतरची पानं. माझंच अक्षर, तेव्हाचं, ताठ: "घरची बगळा लेडीज. मागचा हब चिरलेला, जुन्यातला दुसरा टाकला. हेडजवळचं फालतू हूक कापलं, कानशीनं घासून रंग दिला."

फालतू असं लिहिलंय मी.

माझा धंदाच असा. आधीच्या मालकानं जे जे लावलं ते ते काढायचं, खरवडायचं, रंगवायचं, आणि मग म्हणायचं, बघा, कशी मूळची दिसते. कोणीतरी कशासाठी तरी लावलं असेल, हे मनातही येत नाही. त्या बाईंचं खरं मी माझ्या कानशीनं घासून टाकलं, आणि मग चार माणसांत त्यांना पुरावा मागितला.

२३ जानेवारी, सोमवार

मी कधी काही फेकत नाही. सकाळपासून डबे उपसतोय. बॉलबेअरिंगचे, कॉटरपिनांचे, ज्यांना नाव नाही अशांचे. चौदाव्या डब्यात सापडलं. बोटभर लोखंड, टोकाला वाकवलेलं, बुडाशी पितळेचा थर. वाकण्याच्या आतल्या बाजूला लोखंड झिजून गुळगुळीत झालंय. कंदिलाच्या कडीनं झिजवलेलं. इतकं झिजायला किती रात्री लागल्या असतील, याचा हिशेब कोणत्या पुस्तकात मिळायचा?

हिला दाखवलं. तिनं हातात घेतलं, फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी त्या बाई म्हणाल्या ही माझी, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हटलं, मी फक्त खरं काय ते बघत होतो.

"पॉलिश पेपर खणात होता," ती म्हणाली, आणि भाजी बघायला गेली.

पॉलिश पेपरचा इथं काय संबंध ते मला तेव्हा कळलं नाही. लिहिता लिहिता थोडं थोडं कळतंय.

२९ जानेवारी, रविवार

टेलरला निरोप धाडला होता. मी बगळीला हातात धरून चालत नेली. बसून जायचं धाडस झालं नाही.

टेलरकडं पुढं दुकान, मागं खोली. खिडकीशी पलंग, दाराशी जुनं शिलाई मशीन. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. टेलर म्हणाला, "आई, ते आलेत."

"कोण, पुस्तकवाले?"

मी म्हटलं, "हो. चुकलेले पुस्तकवाले."

"बसा. पोट कसं आहे तुमचं?" चाळीस वर्षांची सवय, आधी पोट विचारायचं. मी म्हटलं, उत्तम. "मग बाकीचं होईल सहन," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पाठ केलं होतं, पण उलटंपालटं झालं. हब, तळटीप, करवत. मग त्यांनी हात पुढं केला. मी सायकल पलंगाला लावली.

हात सीटवर गेला. तिथून खाली उतरणाऱ्या नळीवरून पुढं, हँडलच्या खाली, उजव्या बाजूला. तिथं मी इतकं घासलंय की मला स्वतःला नजरेनं जागा सापडत नाही. त्यांचं बोट तिथं थांबलं. केसभरही इकडंतिकडं नाही. माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षांपूर्वीची शाई पाहून आला होता, त्याहून मोठा.

"इथं होतं," त्या म्हणाल्या. "काय केलंत?"

मी हूक त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. बराच वेळ मिटलेलीच ठेवली.

"लोहाराकडून बसवून घेतलं होतं. कंदील हातात धरून सायकल चालवता येत नाही, आणि बाळं काही दिवस बघून येत नाहीत." मग म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"काही नाही."

"आणि त्या फोनमध्ये?"

सूनबाईनं फोनवर आपल्या भाषेत करून दिलेलं पान टेलरनं वाचून दाखवलं. बारा नग, एका खोक्यात. बाराचा आकडा ऐकला आणि बाईंचा चेहरा असा काही उजळला, की टेलर वाचायचा थांबला.

"बाराजणी होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "एकाच दिवशी शिकून बाहेर पडलो आणि त्याच आठवड्यात सायकली आल्या. खोकं आमच्यासमोर फोडलं. चालवता येत होती फक्त मला. अकराजणींना मी शिकवलं, दवाखान्याच्या मागच्या मैदानात. उंच होती ती सारखी कुंपणात जायची. एक शिट्टी वाजवायची, बेलची गरज नाही म्हणायची. एक चष्मेवाली, तिला ब्रेक सोडून सगळं सापडायचं." अकराही जणींबद्दल एकेक सांगितलं, एकही सुटली नाही. टेलर मशीनवर हात ठेवून ऐकत होता. मला म्हणाला, "काका, मी हे कधी ऐकलंच नव्हतं."

मी म्हटलं, कोणी विचारलं नसेल. हे वाक्य मी नुकतंच शिकलोय.

निघताना मी म्हटलं, "हूक पुन्हा बसवून देतो. हबही जुन्यातला बरोबरचा शोधतो."

"हूक बसवा. हब राहू दे. तुमच्या बायकोला त्याच्यावर शिकवलंत ना? मग तो तिचा. कुठवर आली शिकत?"

"कोपऱ्यापर्यंत."

"तरी पुष्कळ झालं. तिला घेऊन या."

बगळी तिथंच ठेवली. त्यांनी मागितली नव्हती, मी दिली असंही नाही. पलंगाला टेकलेली होती, ती उचलावीशी वाटली नाही. रस्त्यानं रिकामा परत आलो. बऱ्याच अंतरानं लक्षात आलं की माझे दोन्ही हात अजून हँडल धरल्यासारखे पुढं होते. लोकांना वाटलं असेल, म्हातारा झोपेत चालतोय.

३० जानेवारी, सोमवार

सकाळी फडकं हातात घेऊन मागच्या खोलीत गेलो. मग आठवलं. बाकीच्या सहांना हवा भरली.

पुस्तकाच्या पान दोनशे बारावर तळटिपेखाली पेन्सिलनं अर्थ लिहिला.

२ फेब्रुवारी, गुरुवार

नोंदवहीवाल्या बाईंना पत्र लिहिलं. सूनबाई त्यांच्या भाषेत करून धाडणार आहे. फोनवर सोपवलं तर केंद्रस्थान व्हायचं. मूळ इथं उतरवून ठेवतो.

"ताईंना नमस्कार. तुम्हाला पाहिलेलं नाही, वयही ठाऊक नाही, पण दुसरं काही म्हणवत नाही. तुमच्या डोळ्यांची तब्येत कशी आहे? सहा वर्षं बारीक शाई वाचताय, सकाळचं ऊन पाठीवरून येईल असं बसत जा. हाताचं मनगट दुखतं का? दुखत असेल तर कोमट पाण्यात धरा.

तुम्ही लिहिलं होतं, कोणीतरी कधीतरी विचारेल म्हणून. मी विचारलं, पण खरं विचारणारं माणूस दुसरंच होतं. ४१७०८ आता तिच्या मालकिणीच्या पलंगाशी उभी आहे. कंदिलाचं हूक मी काल परत बसवलं. वेडंवाकडं बसलंय, पण त्यांच्या बोटांना जागा बरोबर सापडली. त्यांनी बेल वाजवली आणि दुकानातलं गिऱ्हाईक बाजूला सरकलं.

माझ्या दुकानाच्या एकतीस वह्या आहेत. कोणत्या सायकलीचं मी काय काढलं, काय टाकलं, सगळं लिहिलंय. सूनबाई त्याचीही पानं चढवणार आहे. बढाई म्हणून नाही. मी काय काय घासून टाकलं ते लोकांना कळावं म्हणून.

आता एक काम. त्या खोक्यात आणखी अकरा होत्या. बाई म्हणतात, त्यांचं काय झालं? मी विचारलं, सायकलींचं की मैत्रिणींचं? त्या म्हणाल्या, दोन्हींचं. मैत्रिणींचा शोध टेलर घेतो आहे. सायकलींचे नंबर पुढच्या कुठल्या पानावर दुरुस्तीला, सुट्या भागांना, कशालाही आले असतील तर बघाल का? गटातही सगळ्यांना सांगा, सीटखाली खरवडून पाहा म्हणावं. एक जरी सापडली तरी चालेल.

पुस्तकं वाट बघत थांबतात, तुमच्या वह्याही थांबतील. बाई ब्याण्णवाव्या वर्षात आहेत आणि रोज सकाळी टेलरला विचारतात, आलं का काही. तेव्हा चार ओळी का होईना, पण लवकर लिहा."